डीएनएसचं उत्तर लवकर कसं मिळेल? कॅशे आणि फॉरवर्डिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले कारखाने, राजारामपुरीतली ऑफिसं, शाहूपुरीतले व्यापारी, कॉलेजांच्या लॅब अशा ठिकाणी मी नेटवर्कची कामं करतो. व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. पहिले पाच प्रश्न कोणालाही समजतील. पुढचे प्रश्न स्वतः राउटर किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी आहेत. एका ठिकाणी सांगितलेलं दुसऱ्या ठिकाणी लागलं, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमची लाइन १०० एमबीपीएसची आहे, स्पीड टेस्टही बरोबर येते. मग साइट उघडताना आधी दोन-तीन सेकंद नुसतं गोल का फिरतं?

स्पीड टेस्ट पाइपाची रुंदी सांगते. नळ सोडल्यावर पाणी यायला किती वेळ लागतो, ते तिच्यात दिसत नाही. साइटचं नाव टाकलं की आधी त्या नावाचा आयपी पत्ता शोधावा लागतो आणि हे काम डीएनएस करतं. हा प्रश्न बहुतेक वेळा शंभर बाइटच्याही आतला असतो, त्यामुळे लाइन १० एमबीपीएसची असो की १०० ची, त्याला काही फरक पडत नाही. वेळ लागतो तो प्रश्न जाऊन उत्तर परत यायला.

शिवाय एका पानात एकच नाव नसतं. बातम्यांची साइट उघडली तर चित्रं एका नावावरून येतात, जाहिराती दुसऱ्या, फॉन्ट तिसऱ्या, व्हिडिओ चौथ्या. अशी वीस-तीस नावं सहज होतात. त्यातली काही नावं आधीची स्क्रिप्ट उतरल्याशिवाय ब्राउझरला कळतही नाहीत, म्हणजे ती एकामागून एक शोधली जातात. प्रत्येकाला दीडशे मिलिसेकंद लागले तरी माणसाला उशीर जाणवतो. तरीही गोल फिरण्याचं कारण डीएनएसच असेल असं नाही. आधी मोजायचं, ते कसं ते प्रश्न ५ मध्ये आहे.

२. नाव विचारलं की पडद्यामागे नेमकं काय होतं?

तुमचं मशीन एका रिझॉल्व्हरला, म्हणजे नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरला, विचारतं. रिझॉल्व्हरकडे उत्तर नसेल तर तो वरून खाली येतो. आधी रूट सर्व्हर, तो सांगतो ‘डॉट इनवाले अमुक ठिकाणी आहेत’. मग डॉट इनचा सर्व्हर, तो सांगतो ‘या नावाचा कारभार तमुक सर्व्हरकडे आहे’. शेवटी त्या नावाचा अधिकृत सर्व्हर खरा पत्ता देतो. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी मांडलेली ही रचना आजही तशीच चालते. त्याआधी साऱ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच मजकूर फाइलमध्ये असत आणि ती फाइल ज्याने त्याने उतरवून घ्यायची असे.

रूट सर्व्हरची नावं १३ आहेत, पण प्रत्येक नावामागे जगभर अनेक मशीन उभी आहेत, त्यामुळे रूटपर्यंतचा फेरा सहसा लांबचा नसतो. अडचण अधिकृत सर्व्हरची असते. फायबरमध्ये प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई रस्त्याने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन चारेक मिलिसेकंद तर लागणारच, त्याहून कमी कोणीही देऊ शकत नाही. अधिकृत सर्व्हर अमेरिकेत असेल तर एका फेऱ्याला दोनशेच्या वर मिलिसेकंद जातात. हा फेरा वाचवणं हेच सगळ्या पुढच्या उत्तरांचं काम आहे.

३. कॅशे म्हणजे काय आणि तो कुठे असतो?

मंगळवार पेठेत नवखा माणूस पत्ता शोधत आला की तो आधी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर विचारतो. कोणीतरी त्याच घराचा पत्ता सकाळी विचारून गेलेला असतो, त्यामुळे पानपट्टीवाला न थांबता सांगतो, ‘पुढं जावा, तालमीच्या शेजारी’. एकदा शोधलेलं उत्तर जवळ ठेवून पुढच्याला लगेच देणं म्हणजे कॅशे.

तो एका ठिकाणी नसतो. ब्राउझरमध्ये थोडा, विंडोज किंवा अँड्रॉइडमध्ये थोडा, राउटरमध्ये, ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरमध्ये आणि तुमच्या नेटवाल्याच्या रिझॉल्व्हरमध्ये. यातला सगळ्यात उपयोगाचा म्हणजे ऑफिसातला सामायिक कॅशे. एकाने सकाळी बँकेची साइट उघडली की बाकी चाळीस जणांना तिचा पत्ता एका मिलिसेकंदाच्या आत मिळतो. ब्राउझरचा कॅशे त्या एका माणसापुरता असतो.

४. टीटीएल हा आकडा कशासाठी असतो?

उत्तर किती सेकंद जपून ठेवायचं, ते नावाचा मालक ठरवतो. तोच टीटीएल. ३६०० म्हणजे एक तास. पानपट्टीवाल्याने सांगितलेल्या घरातला भाडेकरू कधीतरी घर बदलणारच, म्हणून ही मुदत.

मोठ्या साइट बहुधा ६० किंवा ३०० सेकंदांचा टीटीएल ठेवतात, म्हणजे एखादा सर्व्हर बंद पडला तर लोकांना पटकन दुसरीकडे वळवता येतं. उलट डॉट कॉमचे सर्व्हर कोणते, ही माहिती ४८ तासांची असते. त्यामुळे चालता रिझॉल्व्हर दरवेळी रूटपासून सुरुवात करत नाही, वरच्या पायऱ्या त्याला आधीच पाठ असतात. बहुतेक वेळा अधिकृत सर्व्हरपर्यंतचा एक फेरा एवढंच काम उरतं.

५. उशीर डीएनएसमुळेच होतोय हे कसं ओळखायचं?

सोपी पद्धत ब्राउझरमध्येच आहे. एफ १२ दाबा, नेटवर्कचा टॅब उघडा, पान पुन्हा उघडा आणि एखाद्या ओळीवर क्लिक करून टायमिंग पाहा. डीएनएस लुकअपला किती मिलिसेकंद गेले ते तिथे वेगळं दिसतं. ते ५ असेल आणि खाली ‘वेटिंग’ समोर १८०० दिसत असेल, तर डीएनएसला हात लावू नका, तो समोरच्या सर्व्हरचा उशीर आहे.

लिनक्स मशीन हाताशी असेल तर डिग ही डीएनएसला प्रश्न विचारणारी कमांड वापरा. एकच नाव लागोपाठ दोनदा विचारा आणि खालची क्वेरी टाइमची ओळ वाचा. पहिल्यांदा १६० आणि दुसऱ्यांदा ०-१ आलं, तर जवळ कॅशे आहे आणि चालू आहे. दोन्ही वेळा २०-३० आलं, तर कॅशे आहे पण ऑफिसबाहेर, नेटवाल्याकडे. दोन्ही वेळा १६० च्या घरात आलं, तर तुमच्यासाठी कोणीच काही जपून ठेवत नाहीये. हे एका नावावर ठरवू नका. रोज लागणारी दहा नावं आणि कधीच न लागणारी दहा नावं घ्या, सकाळी अकराला आणि रात्री नऊला मोजा.

एक खूण लक्षात ठेवा. राजारामपुरीत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात ‘नेट लई हळू’ अशी तक्रार होती. मी हिशेबाच्या लिनक्स सर्व्हरवर बसून पिंग (समोरचं मशीन किती वेळात उत्तर देतं ते दाखवणारी कमांड) दिलं. स्क्रीन कोरी. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसलो, बरोबर पाच सेकंदांनी पहिली ओळ आली आणि त्यापुढच्या भराभर आल्या, प्रत्येक १२-१३ मिलिसेकंदांची. लाइन उत्तम होती. असा गोल आकडा दिसला की तो लांब अंतराचा उशीर नसतो. कोणीतरी उत्तर न देणाऱ्याची वाट बघत थांबलेलं असतं. कारण प्रश्न ८ मध्ये आहे.

६. फॉरवर्डर म्हणजे काय? आपल्या सर्व्हरने स्वतः शोधावं की फॉरवर्ड करावं, लवकर काय होतं?

फॉरवर्डर म्हणजे आपल्या सर्व्हरने स्वतः रूटपासून न शोधता ज्याच्याकडे प्रश्न सोपवायचा तो दुसरा रिझॉल्व्हर. उत्तर आलं की आपला सर्व्हर ते आपल्याही कॅशेत ठेवतो.

आपल्या कॅशेत असलेल्या नावाला दोन्ही पद्धतींत सारखाच वेळ, म्हणजे जवळजवळ शून्य. फरक पडतो तो कॅशेत नसलेल्या नावाला. मोठ्या फॉरवर्डरमागे लाखो लोक असतात, त्यामुळे तुम्हाला हवं ते नाव कोणीतरी नुकतंच विचारलेलं असण्याची शक्यता जास्त. मग तुमचं काम मुंबई-पुण्यापर्यंतच्या एका फेऱ्यात होतं. स्वतः शोधलं तर परदेशातल्या अधिकृत सर्व्हरपर्यंत जावं लागतं, कधी दोन-तीन ठिकाणी. पण फॉरवर्डरकडेही ते नाव नसेल तर त्यालाही तोच लांबचा फेरा घ्यावा लागतो आणि वर तुमचा फॉरवर्डरपर्यंतचा फेरा वाढतो.

माझा अनुभव असा की दहा-पंधरा माणसांच्या ऑफिसात फॉरवर्डिंगच चांगलं. एवढ्या माणसांनी आपला कॅशे पुरेसा भरत नाही, टीटीएल संपून नावं सारखी गळत राहतात. दीडशे-दोनशे माणसांच्या कारखान्यात सर्व्हर स्वतः शोधत असला तरी चालतं, कारण सगळे फिरून फिरून तीच नावं विचारतात आणि तुमचा कॅशेच भरलेला असतो. तिथे कोणा तिसऱ्यावर अवलंबून राहावं लागत नाही आणि तुमची माणसं कुठल्या साइट बघतात ते एका बाहेरच्या कंपनीच्या नोंदीत साठत नाही. मेल सर्व्हरचा नियम वेगळा आहे, तो प्रश्न १८ मध्ये.

बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘फॉरवर्ड फर्स्ट’ आणि ‘फॉरवर्ड ओन्ली’ असे दोन प्रकार आहेत. फर्स्टमध्ये फॉरवर्डर गप्प बसला तर सर्व्हर स्वतः शोधू लागतो. ऐकायला छान वाटतं, पण तुमच्या फायरवॉलने बाहेर जाणारा डीएनएसचा पोर्ट (क्रमांक ५३) फक्त फॉरवर्डरपुरता उघडा ठेवला असेल तर ही दुसरी धडपडही वाया जाते आणि वापरणारा दुप्पट थांबतो. अशा ठिकाणी ओन्ली ठेवा.

७. फॉरवर्डर कोणता घेऊ? नेटवाल्याचा, ८.८.८.८, १.१.१.१ की ९.९.९.९?

आकड्यांचे तिन्ही पत्ते सगळ्यांना खुल्या सार्वजनिक रिझॉल्व्हरचे आहेत: गूगलचा ८.८.८.८ डिसेंबर २००९ पासून आहे, क्वाड९ चा ९.९.९.९ २०१७ पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ एप्रिल २०१८ पासून. तिन्ही एनीकास्टवर चालतात, म्हणजे एकच पत्ता अनेक शहरांतल्या मशीनवर असतो आणि तुमचा प्रश्न कुठल्या शहरात जाईल ते तुमच्या नेटवाल्याची रूटिंग ठरवते. त्यामुळे ‘सगळ्यात फास्ट डीएनएस’ अशा व्हिडिओवर विसंबू नका. दिल्लीतल्या माणसाला आलेला आकडा त्याच्या लाइनचा आहे. ताराराणी चौकातल्या दोन शेजारच्या इमारतींत, दोन वेगळ्या नेटवाल्यांच्या लाइनवर, उत्तर वेगळं येऊ शकतं.

नेटवाल्याचा रिझॉल्व्हर अंतराने बहुधा सगळ्यात जवळचा असतो. तो नीट सांभाळलेला असेल तर त्याच्याइतकं जलद काही नाही. पण काही ठिकाणी तो संध्याकाळी गुदमरतो, म्हणून दोन वेळा मोजायला सांगितलं.

यातली खरी मेख पुढे आहे. व्हिडिओ आणि चित्रं देणारी मोठी जाळी प्रश्न कुठून आला ते बघून जवळच्या सर्व्हरचा पत्ता देतात. त्यांना दिसतो तो रिझॉल्व्हर, तुम्ही नाही. रिझॉल्व्हर सिंगापुरात बसलेला असेल तर ती जाळी तुम्हाला सिंगापूरचा सर्व्हर देतात. डीएनएसमध्ये दहा मिलिसेकंद वाचले आणि नंतर प्रत्येक चित्रामागे पन्नास-साठ गेले, असा तो व्यवहार होतो. ८.८.८.८ तुमच्या नेटवर्कचा अर्धवट पत्ता पुढे कळवून हा प्रश्न बराच सोडवतं. १.१.१.१ गोपनीयतेसाठी तसं कळवत नाही. म्हणून फॉरवर्डर निवडताना त्याने दिलेल्या पत्त्याला पिंग करून पाहा. दोन फॉरवर्डरनी वेगवेगळे पत्ते दिले तर ज्याचं पिंग कमी तो घ्या, त्याचं स्वतःचं उत्तर पाच मिलिसेकंद उशिरा आलं तरी.

८. मी दोन-तीन डीएनएस टाकून ठेवलेत. म्हणजे सगळ्यात जलद उत्तर देणारा आपोआप वापरला जातो ना?

तुम्ही ते कुठे टाकलेत त्यावर आहे.

लिनक्सच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये टाकले असतील तर नाही. तिथे जास्तीत जास्त तीन सर्व्हर चालतात आणि ते क्रमाने विचारले जातात. पहिला बंद असेल तर पाच सेकंद थांबून दुसऱ्याला विचारलं जातं आणि पुढच्या नावाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रश्न ५ मधल्या ऑफिसात हेच घडलं होतं. पहिल्या क्रमांकावर जो पत्ता होता तो सर्व्हर दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला होता. ती एक ओळ काढली आणि काम झालं. नवीन काही बसवलं नाही. विंडोज साधारण एका सेकंदानंतर पुढच्या सर्व्हरकडे वळतं, त्यामुळे तिथे हाच दोष सौम्य दिसतो आणि वर्षानुवर्षं लपून राहतो.

बाइंड किंवा तसंच दुसरं सॉफ्टवेअर अनबाउंड, यांच्यामध्ये फॉरवर्डर म्हणून टाकले असतील तर मात्र सर्व्हर प्रत्येकाचा वेळ मोजत राहतो आणि जलद असणाऱ्याला झुकतं माप देतो. म्हणून मशीनवर एकच, ऑफिसातल्या सर्व्हरचा पत्ता द्या (जमलं तर ऑफिसातच दुसरा सर्व्हर उभा करून दोन) आणि बाहेरचे फॉरवर्डर त्या सर्व्हरवर ठेवा.

पहिला ऑफिसचा आणि दुसरा ८.८.८.८ असं कधीही करू नका. आतला सर्व्हर क्षणभर अडखळला की मशीन बाहेर जाऊन ‘हिशेबाचा सर्व्हर’ विचारतं, बाहेरचा ‘असं नावच नाही’ म्हणतो आणि ते उत्तर खरं मानलं जातं. दुसरा सर्व्हर पहिला बंद पडला तरच विचारला जातो. पहिल्याकडे उत्तर नसेल तर विचारू, असा त्याचा अर्थ नसतो.

९. आमच्याकडे मशीन राउटरला विचारतं, राउटर फायरवॉलला, फायरवॉल सर्व्हरला, सर्व्हर नेटवाल्याला. चालेल का?

चालतं, पण कशाला? प्रत्येक टप्प्यावर एक थांबा आणि बिघडायला एक जागा वाढते. ऑफिसात एक चांगला कॅशे आणि त्याच्यापुढे थेट फॉरवर्डर, एवढंच ठेवा. डीएचसीपीमधून (मशीनना पत्ते वाटणारी सोय) मशीनना राउटरऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता द्या.

१०. कॅशे सर्व्हरला किती मोठं मशीन लागतं? राउटरमधला कॅशे पुरत नाही का?

घरात पुरतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पुरत नाही, कारण अनेक राउटरमध्ये डीएनएसमास्क हे छोटं डीएनएस सॉफ्टवेअर असतं आणि त्याच्या मूळ मांडणीत कॅशे फक्त १५० नावांचा असतो. एकाच वेळी पुढे पाठवलेल्या प्रश्नांची मर्यादाही १५० च. तास सुरू झाला, साठ मुलांनी एकदम मशीन चालू केलं, प्रत्येक मशीन सुरू होतानाच अपडेट, अँटिव्हायरस, ब्राउझर मिळून पंधरा-वीस नावं विचारतं. हजारभर प्रश्न काही सेकंदांत येतात, मर्यादेबाहेरचे परत फिरवले जातात, मशीन पुन्हा विचारतात आणि गर्दी आणखी वाढते. अशा लॅबमध्ये मी कॅशे १५० वरून ५००० केला, समांतर प्रश्नांची मर्यादा वाढवली, एवढंच. पहिल्या दहा मिनिटांची रड थांबली.

वेगळं मशीन ठेवायचं तर जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पाय भरपूर झाला. अनबाउंडमध्ये मूळ मांडणीत संदेशांचा आणि नोंदींचा असे दोन कॅशे ४-४ एमबीचे असतात. ६४ आणि १२८ एमबी करा, नोंदींचा कॅशे संदेशांच्या कॅशेच्या दुप्पट ठेवायचा असा त्यातला शिरस्ता आहे. याहून जास्त मेमरीने काही मिळत नाही, कारण टीटीएल संपलेली नावं कितीही मेमरी असली तरी जुनीच. फाउंड्रीत मशीन ठेवत असाल तर शॉपफ्लोअरपासून लांब ठेवा. मोल्डिंगच्या वाळूची काळी पूड पंख्यात बसली की मशीन तापून बंद पडतं आणि सगळ्यांचं डीएनएस एका फटक्यात जातं.

११. प्रीफेच चालू करावं का?

हो. लोकप्रिय नावाचा टीटीएल संपत आला, शेवटचा दहावा हिस्सा उरला आणि कोणी विचारलं, तर अनबाउंड जुनं उत्तर देऊन मागच्या मागे नवीन आणून ठेवतं. थांबायची वेळ कोणावरच येत नाही. बाहेर जाणारे प्रश्न साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, तेवढं परवडतं.

१२. लाइन अडखळली किंवा फॉरवर्डर बंद पडला तर जुनं उत्तर वापरता येतं का? पुरात खूप हाल झाले.

येतं. मार्च २०२० मध्ये यासाठी आरएफसी ८७६७ हा इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज आला. नवीन उत्तर मिळवायचा प्रयत्न १.८ सेकंदांत जमला नाही, तर मुदत संपलेलं उत्तर ३० सेकंदांच्या टीटीएलसह द्यावं, असं तो सुचवतो. अनबाउंडमध्ये याचं नाव ‘सर्व्ह एक्स्पायर्ड’, बाइंडमध्ये ‘स्टेल आन्सर’. मुदत संपलेलं उत्तर एक ते तीन दिवसांपलीकडे वापरू नये. आम्ही एक दिवस ठेवतो.

पण याने काय होईल आणि काय नाही ते नीट समजून घ्या. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला, तेव्हा ज्यांची लाइन पूर्ण गेली त्यांना नावाचा पत्ता माहीत असून काही उपयोग नव्हता. ही सोय कामाला येते ती लाइन चालू आहे पण फॉरवर्डर गप्प आहे, किंवा दुसऱ्या लाइनवर जाताना काही मिनिटं डीएनएस तुटलंय, अशा वेळी. दोन लाइन असतील तर दोन्ही नेटवाल्यांचा फक्त स्वतःचा रिझॉल्व्हर फॉरवर्डर म्हणून ठेवू नका. बरेच नेटवाले बाहेरच्या लाइनवरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत. दोन्हीकडून पोचता येईल असा एक सार्वजनिक फॉरवर्डर यादीत असू द्या.

१३. टीटीएल ६० सेकंदांचा असतो म्हणून कॅशे लवकर रिकामा होतो. आपणच जबरदस्तीने एक दिवस केला तर?

करू नका. मालकाने ६० सेकंद ठेवलेत त्यामागे कारण असतं. सर्व्हर हलला की तुमच्या ऑफिसात दिवसभर ती साइट बंद आणि बाहेर सगळीकडे चालू, मग दोष शोधायला तुम्हीच हिंडणार. घरच्या सीसीटीव्हीचं डायनॅमिक डीएनएस नाव तर अशा ठिकाणी हमखास तुटतं, कारण त्याचा पत्ता लाइन परत जोडली गेली की बदलतो. फारच वाटलं तर किमान टीटीएल ६० सेकंदांपर्यंत ठेवा. पाच-दहा सेकंदांचे टीटीएल त्याने सावरतात आणि कोणाचं बिघडत नाही. कमी टीटीएलवरचा खरा उपाय प्रश्न ११ मध्ये आहे.

१४. साइट नवीन होस्टिंगवर हलवली, पत्ता बदलला. मला नवीन दिसते, पार्टीला जुनीच दिसते. ‘प्रोपगेशन’ला ४८ तास लागतात का?

काहीही पसरत नसतं. जगभरातल्या कॅशेत तुमचं जुनं उत्तर आहे आणि ते आपापल्या वेळी मुदत संपून जातं. जुना टीटीएल एक दिवसाचा असेल तर एक दिवस, पाच मिनिटांचा असेल तर पाच मिनिटं. ४८ तासांची गोष्ट नेमसर्व्हरच (म्हणजे अधिकृत सर्व्हर) बदलला तर लागू पडते, कारण वरच्या पायरीवरची ती नोंद तेवढी टिकते (प्रश्न ४).

म्हणून हलवायच्या एक दिवस आधी टीटीएल ३०० करा. जुना टीटीएल उलटून जाऊ द्या, मग पत्ता बदला आणि सगळं सुरळीत दिसल्यावर टीटीएल पुन्हा वाढवा. जुना सर्व्हर दोन दिवस चालू ठेवा.

१५. नवीन सबडोमेन तयार केलं, नोंद बरोबर आहे, बाहेरून चालतं, पण आमच्याच ऑफिसातून ‘सापडत नाही’ म्हणतं. का?

तयार करण्याआधीच कोणीतरी ते उघडून पाहिलं असणार. ‘असं नाव नाही’ हे उत्तरही कॅशेत राहतं. ते किती वेळ ठेवायचं हे त्या डोमेनच्या एसओए नोंदीवरून (डोमेनच्या कारभाराची मूळ नोंद) ठरतं, नियम १९९८ च्या आरएफसी २३०८ मध्ये आहे. बाइंड मूळ मांडणीत असं उत्तर जास्तीत जास्त तीन तास ठेवतं, अनबाउंड एक तास. आधी नोंद करा, मग उघडा. घाई झालीच असेल तर आपल्या सर्व्हरवरून तेवढं एकच नाव पुसा. सगळा कॅशे रिकामा करू नका, नाहीतर पुढची दहा मिनिटं साऱ्या ऑफिसला पहिल्यापासून शोधावं लागेल.

१६. आमच्याकडे विंडोजचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी आहे. मशीनना थेट १.१.१.१ दिलं तर वेगवान होईल ना?

लॉगिनला दोन-दोन मिनिटं लागायला लागतील. डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा सर्व्हर, कुठे आहे हे मशीन डीएनएसलाच विचारतं आणि ती माहिती बाहेर कोणाकडेच नसते. मशीनना डोमेन कंट्रोलरचाच पत्ता द्या आणि फॉरवर्डर डोमेन कंट्रोलरवर लावा.

वेगळा कॅशे सर्व्हर पुढे ठेवायचा असेल तर त्यात सशर्त फॉरवर्डिंग करा: आतल्या डोमेनचे प्रश्न डोमेन कंट्रोलरकडे, बाकी सगळे बाहेर. कागलच्या युनिटचं वेगळं डोमेन व्हीपीएनवरून येत असेल तर त्यालाही अशीच एक ओळ. आणि उलटा शोध, म्हणजे १९२.१६८ च्या पत्त्यावरून नाव, तोही आतच वळवा. तो बाहेर गेला तर कोणी उपयोगाचं उत्तर देत नाही. एसएसएच लॉगिन किंवा मायएसक्यूएलची जोडणी सुरुवातीला अडखळते, त्याचं कारण पुष्कळदा हा उलटा शोध असतो.

१७. सगळं जलद आहे, फक्त काही ठरावीक साइट अडकतात. कधी उघडतात, कधी नाही.

दोन गोष्टी पाहा. पहिली, मोठी उत्तरं. डीएनएसचं जुनं यूडीपी उत्तर (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती) ५१२ बाइटपर्यंतचं असे. आता डीएनएसएसईसीच्या (उत्तर खरं आहे का ते तपासायची सोय) सह्यांसकट ते मोठं होतं आणि वाटेत त्याचे तुकडे पडले तर काही फायरवॉल ते तुकडे टाकून देतात. २०२० पासून १२३२ बाइटची मर्यादा सुचवलेली आहे, ती ठेवा. उत्तर त्यात मावलं नाही तर सर्व्हर टीसीपीने पुन्हा विचारतो, म्हणून ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हीला उघडा. ‘डीएनएस म्हणजे यूडीपी’ असं समजून टीसीपी बंद केलेलं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय.

दुसरी, आयपीव्ही ६ चा प्रश्न. मशीन एका नावासाठी आयपीव्ही ४ आणि ६ असे दोन्ही प्रकारचे पत्ते एकदम विचारतं. काही स्वस्त राउटर दुसरा प्रश्न गिळून टाकतात आणि लिनक्स मशीन पुन्हा तेच पाच सेकंद थांबतं. राउटरला डीएनएसच्या वाटेतून काढा (प्रश्न ९).

एकाच मशीनवर, एकाच ब्राउझरमध्ये वेगळं दिसत असेल तर तो ब्राउझर स्वतःच एचटीटीपीएसवरून बाहेरच्या डीएनएसला विचारत असेल. तेव्हा तुमचा कॅशे आणि आतली नावं दोन्ही त्याला दिसत नाहीत. ऑफिसच्या मशीनवर ते बंद ठेवा.

१८. मेल सर्व्हरवर ८.८.८.८ फॉरवर्डर लावल्यापासून स्पॅम वाढलंय. याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. मेल आलं की सर्व्हर पाठवणाऱ्याचा पत्ता काळ्या यादीत आहे का, ते डीएनएसवरूनच विचारतो. या याद्या चालवणारे कोण किती प्रश्न विचारतंय ते मोजतात आणि सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेले प्रश्न त्यांच्यातले काही जण नाकारतात. तुमचा सर्व्हर ते नाकारणं ‘यादीत नाही’ असं वाचतो आणि स्पॅम आत येतं. क्वचित उलटं होतं, नकाराचा खास कोड ‘यादीत आहे’ असा वाचला जातो आणि चांगलं मेल परत जातं. मेल सर्व्हरवर छोटं अनबाउंड बसवा, फॉरवर्डर न लावता. त्याला स्वतःच शोधू द्या. ऑफिसच्या बाकी मशीनचं फॉरवर्डिंग जसं आहे तसं राहू द्या.

१९. घरून काम करणाऱ्यांना आमचा कॅशे वापरता यावा म्हणून ५३ पोर्ट बाहेरून उघडला तर चालेल का?

नाही. उघडा रिझॉल्व्हर काही तासांत शोधला जातो. मग खोट्या पत्त्याने छोटे प्रश्न पाठवून त्याची मोठी उत्तरं दुसऱ्या कोणावर तरी सोडली जातात. तुमची लाइन भरते आणि हल्ला तुमच्या पत्त्यावरून झालेला दिसतो.

कॅशेत खोटं उत्तर घुसवण्याचाही धोका आहे. प्रश्नाचा ओळख क्रमांक १६ बिटचा, म्हणजे ६५,५३६ शक्यता. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवलं की तेवढ्यावर सुरक्षा टिकत नाही. तेव्हापासून सर्व्हर प्रत्येक प्रश्न वेगळ्या पोर्टवरून पाठवतात. तुमच्या फायरवॉलमध्ये डीएनएससाठी बाहेर जाणारा पोर्ट ठरवून टाकला असेल तर ते संरक्षण निघून जातं. तो नियम आजच काढा आणि रिझॉल्व्हरवर डीएनएसएसईसीची पडताळणी चालू ठेवा. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन द्या आणि त्यातून फक्त आतल्या डोमेनचे प्रश्न ऑफिसकडे वळवा. बाकीची नावं त्यांच्या घरच्या लाइनवरच शोधली जाऊ देत, नाहीतर इचलकरंजीत बसलेल्या माणसाचा प्रत्येक प्रश्न आधी तुमच्या ऑफिसात येऊन मग बाहेर जाईल.